सगळ्यांत हळू, सगळ्यांच्या पुढे

शकुंतला आठल्ये डोंगरावर पळायला लागल्या त्याला कारण झाल्या चपला. दुसऱ्यांच्या चपला.

नवरात्रात अजिंक्यताऱ्यावरच्या मंगळाईची ओटी भरायला आठल्यांचं सगळं घर निघालं होतं. किल्ल्याची निम्मी चढण होते न होते तोच शकुंतलाबाईंना धाप लागली. त्या दगडावर टेकल्या. त्यांच्या हातातलं ओटीचं ताट धाकट्या जावेनं अलगद काढून घेतलं. अलगद म्हणजे इतकं अलगद, की जणू ते कधी त्यांचं नव्हतंच.

"वहिनी, तुम्ही आपल्या इथंच बसा. देवीला कळतं सगळं," जाऊ म्हणाली. "आणि असं करा, चपला तुमच्यापाशीच काढतो आम्ही. पुढं अनवाणीच जायचं ना. नाहीतर हल्ली चोऱ्या होतात."

झालं. नवऱ्याच्या, दिराच्या, जावेच्या, पुतण्यांच्या चपलांचा ढीग त्यांच्या पुढ्यात पडला आणि मंडळी वर गेली. नारायणराव, म्हणजे त्यांचे यजमान, जाता जाता मागं वळून म्हणाले, "माझी अंगठ्याची शिवण उसवलीय, जरा जपून."

शकुंतलाबाई बेचाळीस वर्षांच्या होत्या. आजारी नव्हत्या, म्हाताऱ्या नव्हत्या. रोज दोन कळशा पाणी नळावरून आणत होत्या, वरवंटा फिरवत होत्या, दिवाळीत अख्ख्या घराला पुरेल एवढा फराळ एकटीनं रांधत होत्या. तेव्हा कुणाला त्यांच्या धापेची आठवण होत नसे. ओटी भरायच्या वेळी तेवढी झाली.

त्या तिथं बसल्या असताना वरच्या आडवाटेनं माणसांची एक ओळ पळत खाली आली. रस्ता सोडून, करवंदीच्या जाळ्यांमधून. पंधरावीस जण असतील. बरीचशी तरणी पोरं, पण सगळ्यांच्या पुढे एक म्हातारी. काळीसावळी, कासोटा गुडघ्याच्या वर खोचलेला, पाय अनवाणी. साठीची तरी असेल. ती पळत होती म्हणावं तर तेवढी जोरात नव्हती, चालत होती म्हणावं तर तशीही नव्हती, माहेरवाशीण एस.टी. गाठायला निघते तशी ती चालली होती. शकुंतलाबाईंपाशी येऊन थांबली. ती थांबली तशी मागची सगळी ओळ थांबली.

"चपला राखताय व्हय?" तिनं विचारलं.

शकुंतलाबाईंनी चपलांचा ढीग नकळत जवळ ओढला.

"राखा, राखा. पर नीट राखा. हितं कुत्री लय हाईत, येकच उचलून न्हेत्यात. मग माणूस लंगडतंय." आणि ती पुढे निघाली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच शकुंतलाबाईंना जास्त झोंबलं. त्यांनी ओळीतल्या शेवटच्या माणसाला हाक मारून थांबवलं. तो उंच, मिशीवाला, खाकी अर्धी चड्डी घातलेला. गळ्यात शिट्टी.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई ताई. पळतोय." त्यानं नाव सांगितलं, मानसिंग शिंगटे. फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत आला होता. गावाकडची पोरं भरतीला तयार करायला त्यानं डोंगरात पळवायला सुरुवात केली. मग पोरांबरोबर आणखी कोणकोण यायला लागलं. तो कुणाला ये म्हणाला नव्हता आणि जा तर त्याला म्हणताच आलं नसतं.

"कुणीही येऊ शकतं?"

"पाय असलेला कुणीबी," मानसिंग म्हणाला. तेवढ्यात ओळीतला एक जण खाकरला. त्याच्या उजव्या पायाच्या जागी घोट्यापासून खाली लाकूड होतं. मानसिंगनं मिशीतल्या मिशीत हसून वाक्य सुधारलं, "नसला तरी चालतंय. हा कोंडीबा. एकाहत्तरच्या लढाईत पाय ठिवून आलाय."

"ठिवून न्हाई," कोंडीबा म्हणाला. "सरकारजमा केलाय."

बुधवारी आणि रविवारी, किल्ल्याच्या वाटेवरच्या चार भिंती स्मारकाखाली, उजाडताना. शकुंतलाबाईंनी तेवढं लक्षात ठेवलं.

घरी त्यांनी नारायणरावांना सांगितलं. नारायणराव जिल्ह्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. ते स्वतः रोज संध्याकाळी मित्रांबरोबर राजवाड्यापर्यंत फिरायला जात, तिथं भेळ खात आणि दिवेलागणीनंतर परत येत. लग्न झाल्यापासून जात होते. त्याला कुणी काही नाव ठेवलं नव्हतं, कुणी कारण विचारलं नव्हतं. शकुंतलाबाई डोंगराचं बोलल्या तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुम्ही कशाला जाता?"

"मी मोकळी हवा खायला जातो."

"मग मी काय बांधलेली खाऊ?"

नारायणरावांना हे उत्तर आवडलं नाही. "आमच्या ऑफिसचा शिपाई गोडोलीत, किल्ल्याच्या पायथ्याशीच राहतो," ते म्हणाले. "त्यानं पाहिलं तर?" एवढं बोलून त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर केलं. जा म्हणाले नाहीत, जाऊ नको म्हणाले नाहीत. या घरात बाईला कधी नाही म्हणावंच लागत नसे. नुसतं वर्तमानपत्र वर करायचं, की ती आपणच समजून घेत असे. या वेळी शकुंतलाबाईंनी मुद्दामच समजून घेतलं नाही.

गोल पातळात डोंगर चढता येत नाही हे एवढ्यात कळलंच होतं. त्यांनी आईचं जुनं नऊवारी ट्रंकेतून काढलं. पायात मुलाचे शाळेतले कॅनव्हासचे बूट घातले. मुलगा सुधाकर पुण्याला शिकायला गेला होता आणि जाताना ते बूट लहान झाले म्हणून टाकून गेला होता. आईचं लुगडं आणि मुलाचे बूट; स्वतःचं म्हणावं असं पळण्यासारखं काही त्यांच्या ट्रंकेत नव्हतंच. माची पेठेच्या गल्लीतून त्या पहाटे बाहेर पडल्या तेव्हा शेजारच्या मनुबाई सडा घालत होत्या. त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

चार भिंतींखाली मंडळी जमली होती. शकुंतलाबाई आपल्या सवयीनं सगळ्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. लग्नात, पंक्तीत, देवळात, एस.टी.त, बाई जिथं उभी राहते तिथं.

"ताई, तुमी म्होरं या," मानसिंग म्हणाला.

"मी मागेच बरी. मला जमेल तेवढं येईन."

"तसं न्हाई चालत. जो सगळ्यांत हळू तो सगळ्यांत म्होरं."

शकुंतलाबाईंना वाटलं, थट्टा करतोय. त्यांचे कान तापले. "मला हळू म्हणायला मी अजून पळालेय तरी कुठं?"

"आवं, तुमच्या बुटांकडं बघूनच कळतंय," अंबूबाई म्हणाली. अंबूबाई म्हणजे तीच ती म्हातारी. गोडोलीत तिच्या तीन म्हशी होत्या. नातवाला भरतीसाठी पळायला सोडायला यायची, आणि नुसतं उभं राहायचा कंटाळा आला म्हणून एक दिवस स्वतःच पळायला लागली. आतापर्यंत सगळ्यांत हळू तीच होती. "मला बढती मिळू द्या की, वैनी. लय दिस म्होरं ऱ्हायले."

मानसिंगनं समजावून सांगितलं. फौजेत डोंगरातून जाताना ज्याचा दम कमी तो पुढे. त्याच्या पायानं सगळी तुकडी चालते. तो थांबला की सगळे थांबतात. मागे ठेवला तर तो मागेच राहतो, हरवतो, आणि मग त्याला शोधायला अर्धी तुकडी जाते. "आन् ज्या पोरांना लय मस्ती हाय त्यांनी वर जाऊन यावं, खाली येऊन परत रांगेत लागावं. पर म्होरच्याला ओलांडायचं न्हाई. एवढाच कायदा."

एवढ्या बाप्यांच्या पुढे, त्यांच्या डोळ्यांदेखत, कासोटा घालून पळायचं! शकुंतलाबाईंना नको झालं. त्या परतच फिरल्या असत्या. पण घरी जाऊन नारायणरावांना काय सांगायचं? ते तर काहीच विचारणार नाहीत, नुसतं "हं" म्हणतील. त्या "हं"साठी परत जायची त्यांची तयारी नव्हती.

अंबूबाईला सगळं कळलं असावं. ती त्यांच्या बरोबर मागे येऊन उभी राहिली, दोन्ही कोपर बाजूला काढून, दारात आडवी उभी राहावी तशी. "निगा आता. मागं काय बी दिसत न्हाई कुनाला. मीच दिसतीय."

त्या दिवशी त्या शंभरएक पावलांत थांबल्या. सगळी ओळ थांबली. कुणी हूं की चूं केलं नाही. कोंडीबानं लाकडी पाय काढून त्यातला खडा झटकला. शकुंतलाबाईंना वाटत होतं, आता कुणीतरी म्हणेल, तुम्ही बसा इथं, आमचे सदरे सांभाळा. कुणी म्हणालं नाही. त्यांचा श्वास जागेवर आला आणि त्या पुन्हा निघाल्या, तशी ओळ पुन्हा निघाली. आपल्या पायावर एवढी माणसं चालतात हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि घरी येईपर्यंत त्यांना त्याचा संतापच येत राहिला, की हे बेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.

थंडी सरली तरी त्या सगळ्यांत हळूच होत्या. पण आता गोडोलीकडून किल्ल्याच्या कमरेची वाट धरून त्या न थांबता बरंच जात. चढ आला की लहान पावलं टाकायची, उतारावर गुडघे सैल सोडायचे, मुरमाड जागी टाच नाही रोवायची, हे सगळं अंबूबाईनं शिकवलं. पुढे असलेल्यानं वाट ठरवायची असते. एका बुधवारी मानसिंगनं विचारलं, "ताई, रविवारी कुठं न्यायचं आमाला?" तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "यवतेश्वर." पोरांनी शिट्ट्या मारल्या. यवतेश्वरचा डोंगर म्हणजे किल्ल्यासारखा पोटाशी नाही. समर्थ मंदिराकडून लांब चढत जायचं, गाडीरस्ता सोडून पायवाटेनं. शकुंतलाबाईंनी तो उभ्या आयुष्यात फक्त खालून पाहिला होता. त्या आठवड्यात त्यांनी चपात्या लाटताना, निवडताना, नळावर, सगळीकडे मनातल्या मनात तो चढून पाहिला.

इकडे मनुबाईंचं लक्ष होतं. मनुबाईंची लेक सांगलीला गावभागात दिलेली, आणि तिच्या घरासमोरच शकुंतलाबाईंचं माहेर. महाशिवरात्रीला मनुबाई लेकीकडे गेल्या आणि त्यांनी पाहिलं ते सांगितलं. पदरचं काही घातलं नाही, हे मात्र त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. शकुंतला अंधारात घराबाहेर पडते. आईचं लुगडं नेसून. धावत किल्ल्याकडे जाते. नवरा तिच्या मागे जात नाही, झोपलेला असतो. परत येते तेव्हा तोंड लालबुंद, केस विस्कटलेले, डोळ्यांतून पाणी. हे सगळं अक्षरन् अक्षर खरं होतं. आता यातून सांगलीच्या माणसांनी काय समजायचं? बाई पहाटे किल्ल्याकडे धावत जाते ती कड्यावरून उडी टाकायला, आणि परत येते ती धीर होत नाही म्हणून. दुसरं काही समजायची कुणाची प्राज्ञा नव्हती. बाई पळते म्हणजे तिच्या मागे काहीतरी लागलेलं असतं. तिच्या पुढे काही असेल असं कुणाच्या मनात येत नाही.

तर त्या यवतेश्वरच्या रविवारी शकुंतलाबाई ओट्यावर बसून बुटाची नाडी बांधत होत्या आणि समोरून गल्लीत त्यांचे थोरले भाऊ विष्णुपंत आले. मागे काठी टेकत बनुआत्या. रात्रीची एस.टी. धरून आले होते दोघं. विष्णुपंत हळदपेठेत एका पेढीवर दिवाणजी. अंगावरचा कोट चुरगाळलेला, हातात नारळाची पिशवी.

"अण्णा! या वेळी? घरी सगळं बरं ना?"

विष्णुपंतांनी तिच्या लुगड्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं आणि त्यांचे डोळेच भरून आले. "आत चल," एवढंच म्हणाले.

आत येताक्षणी बनुआत्यांनी तिला स्वयंपाकघरात ओढलं, खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि पोलक्याच्या बाह्या वर करून दंड तपासले. मग पाठ. करवंदीचे ओरखडे होतेच.

"हे काय?"

"काटे आहेत, आत्या."

"हो गं बाई हो. काटेच असतात सगळ्यांचे," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

पुढच्या खोलीत तोवर बैठक बसली होती. बैठक म्हणजे काय ते आमच्याकडच्या बायकांना सांगायला नको. माहेरचे पुरुष सतरंजीवर, सासरचे समोर. मुलगी आत, दाराआड. आणि चहा तिनंच करायचा. नारायणराव बनियनवर सदरा चढवत, डोळे चोळत येऊन बसले.

"नारायणराव," विष्णुपंतांनी घसा साफ केला, "आमची बहीण आम्हाला जड नाही. एवढंच सांगायला आलोय. तुमचं तिच्यावाचून अडत नसेल तर आम्ही घेऊन जातो."

नारायणरावांना काहीच कळलं नाही. पण भल्या सकाळी मेहुणा येऊन असं बोलतो म्हणजे आपलं काहीतरी बाहेर फुटलंय, एवढं त्यांना कळलं. काय फुटलं असेल याचा ते घाईघाईनं विचार करायला लागले.

"ते ताट," ते म्हणाले. "मी ढकललं होतं एकदा. मान्य आहे. आमटीत मीठ नव्हतं. पण ती आधीच्या दिवाळीची गोष्ट झाली."

विष्णुपंतांनी मान हलवली, म्हणजे बोला, अजून बोला.

"आणि तिच्या मंगळसूत्राच्या वाट्या मोडल्या मी सुधाकरच्या फीसाठी. पण विचारलं होतं. म्हणजे, मोडल्यावर सांगितलं होतं."

दाराआड शकुंतलाबाईंच्या हातातलं आलं खलबत्त्यात तसंच राहिलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, यांच्या काही ध्यानातच नाही. सगळं ध्यानात होतं! ओळीनं, तारीखवार. फक्त त्यांच्यापाशी बोलायचं सुचलं नव्हतं. मेहुण्यापुढे मात्र घडाघडा आठवत होतं.

"आणि हात?" विष्णुपंतांनी हलक्या आवाजात विचारलं.

"छे हो! हात कधीच नाही! गळ्याची शप्पथ!"

"मग ती पहाटे किल्ल्यावर जीव द्यायला का जाते?"

नारायणराव आ वासून बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं, ती जीव द्यायला जात नाही, पळायला जाते, कुणी हवालदार आहे, मोकळी हवा वगैरे. हे विष्णुपंतांना पटलं नाही. पण खरं असलं तर आणखीनच वाईट, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आता मात्र दोघांचं जमलं. जीव द्यायला जाणाऱ्या बायकोवरून भांडावं लागलं असतं. पळायला जाणाऱ्या बायकोवर दोघांचं एकमत होतं. चहाचे दोन कप व्हायच्या आत सगळं मिटलं. नारायणरावांनी ताट ढकलायचं नाही. यंदा वाट्या करून द्यायच्या. विष्णुपंतांनी मागचं मनात ठेवायचं नाही. आणि शकुंतलानं डोंगरावर जाणं बंद करायचं. तिला एवढी हवाच हवी असेल तर नारायणराव रविवारी तिला राजवाड्यापर्यंत आपल्याबरोबर नेतील. हे शेवटचं बोलताना नारायणरावांचा आवाज त्यागानं जड झाला होता.

"ये गं शकू," आत्या म्हणाल्या. "पड सगळ्यांच्या पाया. गोड झालं सगळं." विष्णुपंतांनी पिशवीतून नारळ आणि माहेरचं पातळ काढलं.

शकुंतलाबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांनी कधी भांडण केलंच नव्हतं. त्यांच्या नावानं दुसऱ्यांनी भांडण मांडलं, दुसऱ्यांनीच मिटवलं, आणि त्यात सगळ्यांना काही ना काही मिळालं. त्यांचं होतं ते तेवढं गेलं. आणि वर पाया पडायचं होतं.

इतक्यात ओट्यावर कोंडीबाचा लाकडी पाय वाजला.

चार भिंतींखाली मंडळी बराच वेळ थांबली होती. पुढचा माणूसच नाही तर निघायचं कसं? दुसऱ्या कुणाला पुढे करायचं मानसिंगच्या कायद्यात बसत नव्हतं, म्हणून सगळी ओळ वाट विचारत माची पेठेत आली होती. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली होती. मनुबाई दारात उभ्या होत्या. आता त्यांच्याही चेहऱ्यावर आपण नेमकं काय पाहिलं होतं, असा प्रश्न दिसत होता.

"ताई, आज याचं न्हाई का?" मानसिंगनं बाहेरूनच विचारलं.

"आपण कोण?" विष्णुपंत उठले.

"ताई आमच्या म्होरक्या हाईत."

विष्णुपंतांनी त्या ओळीवरून नजर फिरवली. खाकी चड्ड्या, लाकडी पाय, शेणाच्या हाताची म्हातारी. "म्होरक्या," ते म्हणाले. "हे असले लोक. वा!"

अंबूबाईनं आत मान घातली. सतरंजी, नारळ, बसलेली माणसं बघितली. "पंचायत बसलीया व्हय? बसा, बसा. कुनाची हाय?"

"घरातली बाब आहे," नारायणराव म्हणाले.

"ते कळतंय की. पर जिची हाय ती कुठं हाय?"

"कोण?"

"आवं, जिच्यापायी बसलाय ती! ती तर तिकडं दारात हाय. पंचायत बसलीया म्हनं, आन् जिची हाय तिलाच सतरंजी पुरंना."

पोरं हसली. विष्णुपंतांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "शकू," ते म्हणाले, "आत जा. मी ऐन हळदीच्या सौद्यात पेढी टाकून आलोय. मालकाचं बोलणं खाऊन आलोय. कुणासाठी?"

"मी बोलावलं होतं, अण्णा?"

"बोलवायला कशाला लागतं? बहीण आहेस."

"मला विषमज्वर झाला तेव्हाही बहीणच होते," शकुंतलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण गल्लीतही ऐकू गेला. "सुधाकर बारका होता. हे कचेरीत. उठून पाणी प्यायची ताकद नव्हती मला. वहिनीला चार दिवस पाठवा म्हणून कळवलं होतं. तुम्ही काय उत्तर दिलंत? सौद्याचे दिवस आहेत, माणसाची उठबस आहे, हिला निघता येणार नाही. मी काही म्हणाले तेव्हा? नाही म्हणाले. मी मरायला टेकले होते तेव्हा तुम्हाला हळद सोडवली नाही. आज मी धडधाकट पायांवर उभी आहे तर धावत आलात."

विष्णुपंतांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. प्रवासानं त्यांचे पाय सुजले होते, टोपीवर धूळ होती, हे शकुंतलाबाईंना दिसत होतं. ते खोटं वागत नव्हते. त्यांची माया खरीच होती. पण ती माया बहिणीला परत घरात बसवण्यापुरतीच जागी झाली होती, आणि हे दिसल्यावर त्यांना भावाची कीव आली नाही, रागच आला.

"आणि तुम्ही," त्या नवऱ्याकडे वळल्या, "ताटाचं आठवत होतं ना तुम्हाला? मग मला का नाही कधी म्हणालात?"

नारायणराव सतरंजीचे दोरे ओढत राहिले.

"पोहे भिजवलेत. फोडणीची तयारी करून ठेवलीय. ज्याला भूक असेल त्यानं परतावेत," शकुंतलाबाई म्हणाल्या. पदर खोचला आणि ओट्यावरून उतरल्या.

"शकू, उंबरठा ओलांडलास तर सांगलीची वाट बंद समज!" विष्णुपंत मागून ओरडले.

त्या थांबल्या. अख्खी गल्ली थांबली. आईच्या माघारी ते एकच दार होतं. मग त्या ओळीच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि निघाल्या.

समर्थ मंदिर मागे पडलं तशा त्या जोरात पळायला लागल्या. मागून मानसिंग ओरडला, "ताई, रागानं पळू नगा, छाती भरून यील!"

"रागानंच पळतेय! दुसरं काय आहे माझ्यापाशी?"

पायवाटेच्या पहिल्याच उभ्या चढावर छाती भरून आलीच. त्या वाकल्या, गुडघ्यांवर हात टेकले. उलटी होईल असं वाटलं. मागे सगळी ओळ उभी राहिली. कोंडीबानं पाय काढून खडा झटकला. अंबूबाईनं पाठीवर हात ठेवला नाही, काही समजूत घातली नाही. नुसती कोपर काढून मागे उभी राहिली. बराच वेळ गेला. मग शकुंतलाबाई लहान पावलं टाकत निघाल्या. आणखी चार ठिकाणी थांबल्या. यवतेश्वरच्या देवळापाशी पोचल्या तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं.

घरी आल्या तर ओट्यावर नारळ तसाच होता, पातळ मात्र नव्हतं. विष्णुपंत आणि आत्या पहिल्या मिळाल्या त्या गाडीनं गेले होते. घरभर करपलेल्या मोहरीचा वास होता.

"अण्णा म्हणाले, यापुढं काही झालं तरी आम्हाला कळवू नका," नारायणराव म्हणाले.

"कळवलं कुणी होतं?"

थोड्या वेळानं नारायणरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. "उद्यापण जाणार?"

"उद्या सोमवार. सोमवारी नसतं. बुधवारी."

"हं," नारायणराव म्हणाले.

त्या वर्षी भाऊबीजेला सांगलीहून बोलावणं आलं नाही. शकुंतलाबाई दोन दिवस भांडी आपटत राहिल्या. मग त्यांना वाटलं, वाट बंद करणारे हे कोण? माझ्याही आईचं घर आहे ते. सकाळची गाडी धरून त्या गेल्या. विष्णुपंत झोपाळ्यावर बसले होते. उठले नाहीत, ये म्हणाले नाहीत. वहिनीनं मुकाट्यानं पाट मांडला, तेव्हा येऊन बसले. शकुंतलाबाईंनी ओवाळलं. विष्णुपंतांनी ओवाळणी टाकली आणि तबकाकडेच बघत विचारलं,

"जातेस अजून?"

"जाते."

"त्याच लोकांबरोबर?"

"त्यांच्या पुढे."

"पडशील एक दिवस दरीत."

"पडले होते श्रावणात. गुडघा फुटला. त्याच लोकांनी आणून सोडलं घरी," शकुंतलाबाई म्हणाल्या. "तुम्हाला कळवू नका म्हणाला होतात, म्हणून कळवलं नाही."

विष्णुपंतांनी मान वर केली. आतून बनुआत्यांनी विचारलं, "कुठला गुडघा गं? दाखव बघू." आणि शकुंतलाबाईंनी, जेवायच्या वेळी, भर माजघरात, सगळ्यांदेखत, पातळ वर करून फुटलेला गुडघा दाखवला.